पारनेर : सभा, नेतृत्व आणि वक्तृत्व

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर या अवर्षणग्रस्त तालुक्यात विसाव्या शतकात रुजलेली लोकनेतृत्वाची व सभावक्तृत्वाची परंपरा. पारनेरचे सेनापती पांडुरंग महादेव बापट (1880–1967) आणि राळेगणसिद्धीचे अण्णा तथा किसन बाबुराव हजारे (जन्म 1937) ही तिची दोन प्रमुख नावे. फर्डे वक्ते म्हणून दोघांपैकी कोणाचीच ख्याती नाही. तरीही त्यांच्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली, पिढ्यान्‌पिढ्यांची दारू सुटली आणि सरकारे वाटाघाटीला आली. बोलण्याचे वजन बोलणाऱ्याच्या जगण्यातून येते, हा या परंपरेचा कणा आहे. तिचे बळ त्यात आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे.

बोलण्याला वजन कशाने येते, हा प्रश्न पहिल्यांदा शास्त्र म्हणून हाताळला तो ग्रीकांनी. अथेन्सच्या नागरिकांची सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्या आकाशाखाली भरे. कोणाला बोलायचे आहे, असे दवंडीवाला विचारी आणि कोणाही नागरिकाला उठून बोलता येई. स्त्रिया, गुलाम व परदेशी यांना मात्र तेथे जागा नव्हती. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद अशी मन वळवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली व त्यांत चारित्र्याला मोठे स्थान दिले. उत्तम वक्ता हा आधी सज्जन असला पाहिजे, असा आग्रह पुढे रोममध्ये क्विंटिलियनने धरला. रोमन चौकातील भाषणाचा ओटा अँटियमच्या आरमाराकडून जिंकलेल्या जहाजांच्या चोचींनी इ. स. पू. 338 मध्ये सजवला गेला. त्याच वर्षी तिकडे कायरोनियाच्या रणांगणावर मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्सचा पराभव केला आणि त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे सभा गाजवणाऱ्या डिमॉस्थिनीझचे राजकारण कोसळले. उत्तम भाषणे देऊनही लढाई हरता येते, याचे हे जुने उदाहरण.

बापटांच्या सार्वजनिक आयुष्याला वळण देणारी घटना म्हणजे एक भाषणच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून शिष्यवृत्तीवर 1904 साली ते अभियांत्रिकीसाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानची काय दशा झाली, हे त्यांनी इंग्रज श्रोत्यांसमोर उघड मांडले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे लंडनचे इंडिया हाउस, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळवलेली बाँबविद्या, मायदेशी परतल्यावर अज्ञातवास असा त्यांचा प्रवास झाला. गावी आणि नंतर पुण्यात त्यांनी रस्ते झाडले, इतरांनी विटाळाचे मानलेले काम स्वतः केले. मुंबईत 1920 साली झाडूवाल्यांच्या संपात गळ्यात पेटी अडकवून भजन म्हणत ते मिरवणुकीपुढे चालले. हा माणूस व्यासपीठाची वाट पाहणारा नव्हता. जेथे झाडू मारायचा तेथेच बोलायचे, अशी त्याची पद्धत. ग्रीक वक्तृत्वशाळांतला एखादा पंडित पेटी पाहून चक्रावला असता, पण सप्ताह-कीर्तनावर कान घडलेल्या श्रोत्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

टाटांच्या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा मुळशी सत्याग्रह 1921 च्या रामनवमीला सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. चार अक्षरी शब्दांची सजावट तिच्यात नाही आणि शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केले. लढा मोडत आला तेव्हा 1924 मध्ये त्यांनी हत्यारानिशी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालेच. मुळशीची गणना पराभवातच करावी लागते. तरी पुढच्या काळातील विस्थापितांच्या अनेक लढ्यांनी तिचे नाव घेतले.

अण्णा हजारे सैन्यात वाहनचालक होते. 1975 च्या सुमारास निवृत्ती घेऊन ते राळेगणसिद्धीला आले तेव्हा गावात पाणी नव्हते आणि दारूच्या भट्ट्या मात्र होत्या. पहिले जाहीर काम म्हणजे यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार, तोही स्वतःच्या पैशाने. लग्न केले नाही, घरी राहिले नाहीत; मंदिरातल्या खोलीत एक बिछाना आणि जेवायला एक ताट, एवढाच संसार. गावसभेत ते जे मागत, म्हणजे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान, ते मागण्याआधी स्वतः बरेच काही देऊन बसलेले असत. ॲरिस्टॉटलच्या भाषेत सांगायचे तर युक्तिवादाला सुरुवात होण्यापूर्वीच चारित्र्याने निम्मी सभा जिंकलेली असे. नालाबंडिंग, पाझर तलाव आणि पाण्याच्या वाटपाचे नियम हा उरलेला भाग. तो नसता तर नुसत्या त्यागावर विहिरींना पाणी आले नसते, हे येथे नोंदवले पाहिजे.

अण्णांचे भाषण लहान वाक्यांचे, संथ आणि पुनरुक्तीने भरलेले असते. शुद्ध आचार, शुद्ध विचार, निष्कलंक जीवन, त्याग आणि अपमान पचवण्याची ताकद ही पाच बोटांवर मोजलेली यादी त्यांच्या जवळपास प्रत्येक सभेत येते. शेतात भरली कणसे डुलायची असतील तर एका दाण्याला मातीत गाडून घ्यावे लागते, हा दृष्टान्तही ठरलेला. कानाडोळा करावा इतक्या वेळा ऐकलेला हा दाणा जिरायती गावात दरवेळी उगवतो, कारण सांगणारा स्वतः गाडून घेतलेला आहे अशी श्रोत्यांची खात्री असते.

या अधिकाराची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. दारू सोडण्याची शपथ मोडणाऱ्यांना राळेगणमध्ये खांबाला बांधून फटके दिले गेले. अण्णांनी ही गोष्ट कधी लपवली नाही, आई आजारी मुलाला कडू औषध पाजते तशी ती आहे असे समर्थनही केले. सभेत मन वळवणे आणि सभेच्या नावाने अंगावर वळ उठवणे यांत फरक आहे. वक्त्याचे चारित्र्य इतके मोठे झाले की त्याला विरोध करणारा आपोआप दुर्जन ठरतो आणि उलट बाजू मांडायला कोणी उठत नाही. प्निक्सवर डिमॉस्थिनीझला एस्किनीझसारखा तोडीस तोड प्रतिपक्ष होता. राळेगणला तो मिळाला नाही.

दिल्लीत 2011 च्या एप्रिलमध्ये जंतरमंतरवर आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर लोकपालासाठी झालेल्या उपोषणांनी हे ग्रामीण वक्तृत्व देशभर नेले. मराठी वळणाची हिंदी, गांधी टोपी, मागे मोठा पडदा. बोलणे तेच गावसभेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अण्णांनी गावी मौन धरले आणि तेही बातम्यांत गाजले. लोकपाल कायदा डिसेंबर 2013 मध्ये संमत झाला, त्या वेळचे उपोषण राळेगणलाच होते. त्याआधीचे त्यांचे अधिक टिकाऊ यश म्हणजे माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्रातील कायदा. त्यासाठी 2003 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते.

परंपरेचे मूळ ठिकाण असलेली ग्रामसभा आज कायद्याने बांधलेली आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अनेक गावांत खरे ठराव या दुसऱ्या सभेतच होतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. अथेन्सलाही हाच ताप होता. बाजारात रेंगाळणाऱ्यांना तांबड्या रंगात भिजवलेल्या दोराने सभेकडे हाकत आणि पुढे पुढे हजेरीसाठी भत्ता सुरू करावा लागला. महिलांची वेगळी ग्रामसभा आधी घेण्याची महाराष्ट्रातील तरतूद मात्र अथेन्सच्या कल्पनेतही बसली नसती.

अलीकडच्या निवडणुकीच्या राजकारणात या परंपरेचे रूप बदलले आहे. हंगा गावचे निलेश लंके 2019 मध्ये पारनेरचे आमदार झाले. करोनाकाळात भाळवणी येथील उपचार केंद्रात रुग्णांमध्ये वावरणारा माणूस ही त्यांची प्रतिमा कोणत्याही भाषणापेक्षा जास्त पोचली. 2024 च्या लोकसभा प्रचारात प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या इंग्रजीवर बोट ठेवले. निवडून आल्यावर लंके यांनी खासदारकीची शपथ इंग्रजीत घेतली आणि शेवटी ‘रामकृष्णहरी’ म्हटले. रोममध्ये इ. स. पू. 107 साली कॉन्सल झालेल्या गायस मॅरियसने, सॅलस्टच्या इतिहासानुसार, उलट डाव टाकला होता : उच्चकुलीनांची ग्रीक विद्या मला येत नाही, पण छातीवर जखमांचे व्रण आहेत, असे त्याने सभेला ऐकवले.