आधी लोखंड ऐकलं, मग हवा

ठोकून, आवाजावरून दोष ओळखायची विद्या नांदगावात रेल्वेबरोबर आली असं मी मानतो. मुंबई–भुसावळ मार्गावरचं आमचं स्टेशन एके काळी मोठ्या वर्दळीचं होतं. 1900च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे निजामाची रेल्वे सुरू झाली, तोवर वेरूळला जाणारे साहेबलोक इथंच उतरून टांगा धरायचे. वाफेच्या गाड्यांच्या त्या काळात लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक रेल्वेचा माणूस डब्यांची चाकं ठोकत फिरायचा. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आम्ही इंजिन मिस्त्री त्याचेच वंशज.

आमच्याकडे शेतकऱ्यानं इंजिन ओळखलं ते विहिरीवरचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली खडकीला निघाली आणि पुढं त्या इंजिनांची धडधड दुष्काळी तालुक्यांतल्या खोल विहिरींवर ऐकू येऊ लागली. सिलिंडर एकच, त्यामुळे लपवाछपवी नाही. टॅपिट सैल झालं तर किटकिट यायची, तीही इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदा, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरतो. शेतकरी बांधावर बसूनच सांगायचा, आज इंजिन काहीतरी वेगळं बोलतंय.

ट्रकनं काम अवघड केलं. 1954 साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. सहा सिलिंडर एकदम बोलतात, त्यातला आजारी कोणता? माझे उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला लावायचे. मग दुसरी युक्ती. गाडी चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्यानं ढिला करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. नट ढिला करूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच मेलेला. खालून येणारा जड ठोका नट ढिला करताच मऊ पडला, तर त्याच कॉनरॉडचं बेरिंग गेलं. हात डिझेलनं भिजायचे, पण निदान सहसा चुकायचं नाही. काळीपिवळी जीपगाड्यांनाही हीच रीत लागू पडली. त्या जीपमधली डिझेल इंजिनं टर्बोविना, आणि माणसं लटकेपर्यंत भरून घाट चढायची. आज ते कसं चालून जायचं याचं नवल वाटतं.

टर्बो आमच्याकडे दोन दिशांनी आला. घाटापलीकडे औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडानं 2001 साली ऑक्टाव्हिया आणली, तिच्यात 1.9 लिटरचं टर्बो डिझेल. इकडे नाशिकच्या कारखान्यातून 2002 साली महिंद्राची टर्बो डिझेल स्कॉर्पिओ निघाली. ऑक्टाव्हिया आमच्या अंगणात क्वचितच आली. स्कॉर्पिओ मात्र कांद्याच्या व्यापाऱ्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना हवी झाली.

कल्पना तोवर शंभरीला आली होती. इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त इंधन जळतं आणि जास्त ताकद मिळते, एवढाच तिचा गाभा. ही हवा कोंबणारा पंप दोन तऱ्हांचा. सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर, पट्ट्यानं किंवा गिअरनं फिरतो. बर्लिनच्या 1921च्या प्रदर्शनात मर्सिडीजनं असल्या मोटारी मांडल्या होत्या, आणि इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930च्या दशकात अमेरिकेची सुपरचार्जवाली ड्यूसेनबर्ग घेतली होती. मराठी संस्थानिकाच्या त्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं, ही माझी जुनी हौस आहे. टर्बो दुसऱ्या तऱ्हेचा. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. तो फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनातल्याच तेलावर तरंगतो.

सुपरचार्जरची घूं इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते-उतरते. कुरकुर आलीच तर पट्टा नाहीतर पुलीचं बेरिंग आधी बघायचं. टर्बोचं तसं नाही. तो धूर साठेपर्यंत वाट बघतो, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर थबकते. हे थबकणं स्वभावाचं की आजाराचं, इथंच नव्या कामाची सुरुवात झाली. गिऱ्हाईक अहिराणीत एवढंच सांगायचं, "मिस्तरी, गाडी घाट चढस नही." स्क्रू ड्रायव्हर टेकवावा तर बेरिंग, टॅपिट, सगळं गप्प. लोखंडाला काही झालेलंच नसायचं.

दोष हवेत असायचा. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतच्या रबरी होजला चीर गेली की भरलेली हवा बाहेर निसटते. डिझेल मात्र पूर्ण पडतं, म्हणून मागून काळा धूर आणि पुढं सीटी. उभ्या गाडीत ती चीर बरेचदा मिटलेली राहते, घाटात दाब वाढला की उघडते. म्हणून मी गाडी कासारी घाटात नेतो आणि काच खाली करून चढावर ऐकतो. परत आल्यावर होजच्या जोडांना साबणाचं पाणी लावायचं आणि पोराला इंजिन वाढवायला सांगायचं. फेस जिथं उठला तिथं चोर. कधी टर्बोच्या दांडीला जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी उंदरानं कुरतडलेली असते. कधी एअर फिल्टर आमच्या धुळीनंच गच्च झालेला असतो, फुकट बदनाम होतो टर्बो. सायरनसारखी किंचाळी ऐकू आली तर मात्र गाडी तिथंच बंद करायची. पंखा घराला घासतोय.

नट ढिला करायची जुनी युक्ती कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनानं बाद केली. रेलमधला दाब हजार बारच्याही पुढं जातो. पाइप सुटला तर डिझेलची धार कातडीत घुसते. म्हणून गॅरेजमध्ये स्कॅनर आला. तो पी शून्य दोन नऊ नऊ असा कोड दाखवतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. होज, नळी, दांडी की खुद्द टर्बो, हे तो सांगत नाही. कोड वाचून टर्बोच बदललेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. मालकाचे हजारो रुपये गेलेले आणि चीर तशीच.

नव्या गाड्या आता कंपनीच्या वर्कशॉपला जातात, वॉरंटी सुटेल म्हणून. नांदगावात येतात त्या नाशिक-पुण्यात वापरून झालेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या टर्बो डिझेल, आणि त्यांचे होज चीर जाण्याच्या वयाला पोचलेले असतात.