नेब्युलियम: नसलेल्या मूलद्रव्याची कुळकथा

मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे कुणालाही पटकन सापडतात. त्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक आखूड रांग आहे, आणि तिच्यातला मधला ठिपका साध्या डोळ्यांनाही जरा पुसट, पसरल्यासारखा दिसतो. हाच मृगातला तेजोमेघ, मेसिएच्या यादीतला ४२वा. सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरच्या या ढगात आजही तारे जन्माला येत आहेत. मोठ्या दुर्बिणीतून त्याच्यावर हिरवट झाक दिसते. त्या हिरव्या उजेडाचं कूळ सापडायला ६३ वर्षं लागली, आणि मधल्या काळात एक अख्खं मूलद्रव्य मानलं गेलं आणि निकालातही निघालं.

मुळात हा ढग वायूचा आहे हेच ठरत नव्हतं. असे धूसर ठिपके म्हणजे फार दूरचे तारकागुच्छ, असं विल्यम हर्शेल यांना आधी वाटे. १७९० साली एका ताऱ्याभोवतीचं तेजोवलय पाहून त्यांनी मत बदललं. पुढे आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली आणि मृगातल्या ढगात सुटे तारे दिसू लागल्याचं सांगितलं. वाद पुन्हा पहिल्या जागी आला. दुर्बीण कितीही मोठी केली तरी तो मिटण्यातला नव्हता.

तो मिटवला विल्यम हगिन्स यांनी. घरचा कापडाचा धंदा सोडून त्यांनी लंडनच्या टल्स हिल भागात स्वतःची वेधशाळा थाटली होती. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री त्यांनी वर्णपटदर्शक जोडलेली दुर्बीण कालेय तारकासमूहातल्या एका लहानशा तेजोमेघाकडे वळवली. ताऱ्याचा उजेड लोलकातून गेला की रंगांचा सलग पट्टा पडतो. इथे दिसली एकच झळझळीत हिरवी रेघ. लोलक जागचा हलला असावा, अशी शंका त्यांना आली. पण रेघ खरी होती, शेजारी आणखी दोन फिक्या रेघाही होत्या. असा तुटक रेघांचा उजेड विरळ वायूच देतो. हगिन्सनी त्या रात्री पाहिलं ते एका म्हाताऱ्या ताऱ्याने टाकलेलं आवरण होतं, हे फार पुढे कळलं. पण लवकरच मृगातल्या ढगानेही त्याच रेघा दाखवल्या. ताऱ्यांच्या मरणाशी आणि जन्माशी एकच हिरवा रंग!

फिक्या रेघांतली एक हायड्रोजनची निघाली. हिरवी मात्र पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. मग तिच्यासाठी नवं मूलद्रव्य मानलं गेलं, नेब्युलियम. आज हे भाबडं वाटेल, पण तेव्हा असं मानायला चांगला आधार होता. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण गुंटूरसह भारतात अनेक ठिकाणांहून अभ्यासलं गेलं. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ सापडली, तिच्यावरून हेलियमची कल्पना निघाली, आणि १८९५ साली रॅम्झे यांना ते पृथ्वीवर मिळालंही. एकदा खरी ठरलेली वाट दुसऱ्यांदा का धरू नये?

पण १९१३ मध्ये मोझली यांनी मूलद्रव्यांना पक्के क्रमांक दिले, आणि हलक्या मूलद्रव्यांत एकही जागा रिकामी उरली नाही. हा वायू ओळखीचाच असावा, फक्त त्याची परिस्थिती अनोळखी आहे, असं हेन्री नॉरिस रसेल म्हणू लागले.

कॅलिफोर्नियातले आयरा बोवेन खगोलशास्त्रज्ञ नव्हते, आणि मला वाटतं, हेच कामी आलं. मिलिकन यांच्यासोबत ते निर्वातात प्रखर ठिणग्या पाडून अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत आणि उरलेल्या आयनांच्या ऊर्जापातळ्या मोजत. १९२७ मध्ये एका रात्री झोपायची तयारी करताना त्यांच्या मनात आलं, की तेजोमेघातला अणू कुणाशी टक्करच झाली नाही तर काय करेल? कपडे पुन्हा चढवून ते प्रयोगशाळेत गेले आणि आकडे मांडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या पातळ्यांमधलं अंतर हिरव्या रेघेशी जुळलं.

एरवी उत्तेजित अणू सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात प्रकाश टाकून मोकळा होतो. ऑक्सिजनच्या या पातळीला मात्र सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबावं लागतं. आपल्या हवेत तेवढ्या अवधीत अगणित धडका बसतात आणि ऊर्जा त्यांतच निघून जाते. मृगातल्या ढगाच्या दाट गाभ्यातही एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम दहा हजार कण, तर आपल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच कोटी कोटी लाखांवर रेणू. असली विरळता तेव्हाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत साधणं शक्य नव्हतं. म्हणून आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू इतकी वर्षं परका वाटला.

यासाठी लागणारी ऊर्जा येते ढगाच्या पोटातूनच. हबल यांनी १९२२ मध्ये दाखवलं, की तेजोमेघ शेजारच्या ताऱ्यांच्या जिवावर उजळतात. मृगातल्या ढगात समलंब चौकोनासारखे बसलेले चार तरुण तारे आहेत. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचा पृष्ठभाग ३५,००० अंशांहूनही तापलेला. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उपटतात. ते इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना लाल-गुलाबी प्रकाश निघतो, आणि मोकळे फिरताना ऑक्सिजनला धडकले की हिरवा. छायाचित्रात लाल रंग उठून दिसतो. अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही, हिरवा जाणवतो. कृत्तिकांभोवतीचा ढग यातला नव्हे. तिथले तारे इतके उष्ण नाहीत, म्हणून धूळ त्यांचा निळसर उजेड नुसता परतवते. १९१२ मध्ये स्लायफर यांनी त्या ढगाच्या वर्णपटात ताऱ्यांचाच वर्णपट ओळखला होता.

हौशी आकाशनिरीक्षक आता ‘ओ-थ्री’ फिल्टर वापरतात. ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या दोन ऑक्सिजन-रेघांभोवतीचा अरुंद पट्टा सोडून बाकीचा उजेड तो जवळपास सगळा अडवतो. शहराच्या उजळलेल्या आकाशाखालीही भिंगाला तो लावला की पार्श्वभूमी काळी पडते आणि हगिन्सनी पाहिलेली ती रेघ तेवढी आत येते.