लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही : पोलिसांना काय दिसते, गावाला काय कळते

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून एखादा माणूस तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या गावी परतला, तर शेजाऱ्यांना तसे कळवण्याचे बंधन कायद्याने कोणावरही नाही. सुटकेनंतर त्याने ठरावीक काळाने ठाण्यात जाऊन पत्ता नोंदवावा, अशी सरसकट सक्तीही भारतात नाही. 'राष्ट्रीय नोंदवही' या नावामुळे मात्र तसा समज होऊ शकतो.

ही नोंदवही केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली. तिची देखभाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग करतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, छेडछाड आणि पॉक्सो कायद्याखालील गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे व बोटांचे ठसे तिच्यात असून प्रारंभीच ४.४ लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती पाहण्याचा अधिकार केवळ तपास यंत्रणांना आहे. अमेरिकेत याउलट नावे जनतेसाठी खुली असतात आणि २००६च्या संघीय कायद्यानुसार पत्ता बदलल्यास तीन कामकाजी दिवसांत स्वतः हजर राहून कळवावे लागते. ब्रिटनमध्ये १९९७पासून पोलिसांकडे नोंद सक्तीची आहे, पण यादी जाहीर होत नाही.

भारतात याच्या जवळ जाणारी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४मध्ये आहे. ठरावीक गंभीर गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याने शिक्षा संपल्यानंतर कमाल पाच वर्षे आपला पत्ता व त्यातील बदल कळवावा, असा आदेश न्यायालय शिक्षा सुनावतानाच देऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला ती लागू होत नाही. शिवाय त्रिभुज प्रदेशातील अनेक जण भातशेतीचा हंगाम सरला की तिरुप्पूर वा चेन्नईला कामासाठी जातात. अशा वेळी नोंदवहीतला पत्ता कागदावरच राहण्याचा धोका असतो.

मग यादी गावात लावावी का? ही मागणी समजण्याजोगी असली तरी तिच्यातील अडचण मोठी आहे. राष्ट्रीय आकडेवारीनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. लहान गावात त्याचे नाव फलकावर आले, की मुलगी कोण हे सांगावे लागत नाही. आणि पीडित बालकाची ओळख उघड करण्यास पॉक्सोच्या कलम २३ने मनाई केली आहे. हजेरीच्या सक्तीचा इतिहासही कटू आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली मदुरैकडील पिरमलै कळ्ळर समाजाला केवळ जन्मामुळे ती द्यावी लागे. सोलापूरची 'सेटलमेंट' मराठी वाचकांना ठाऊक आहेच. हा कायदा देशभरातून १९५२मध्ये रद्द झाला.

गावाच्या सुरक्षिततेचा भार त्यामुळे प्रत्यक्षात वेळेवर होणाऱ्या तक्रारीवर येतो. पॉक्सोच्या कलम १९नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा दडवल्यास कैदेची मुदत वर्षापर्यंत जाते. बालकाला स्वतःला मात्र ही शिक्षा नाही. तमिळनाडूत १९९२पासून महिला पोलीस ठाणी आहेत; तंजावर, कुंभकोणम व पट्टुकोट्टै येथेही ती असून बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी निःशुल्क आहे.