गमावलेल्या पावाची कथा

शिळा पाव दुधांत व अंड्यांत बुडवून तव्यावर परतावयाचा पदार्थ ‘फ्रेंच टोस्ट’ या नांवानें शहरांतील पुष्कळ घरांतून परिचित आहे. नांव फ्रेंच असलें तरी त्याचें मूळ फ्रान्सच्याहि पलीकडे, प्राचीन रोमपर्यंत जातें. एपिशिअसच्या नांवावर चालत आलेला एक लॅटिन पाकग्रंथ आहे. तो इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकांत संकलित झाला असावा, असें सामान्यतः मानतात. कडा काढलेल्या पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे करावे, ते दुधांत भिजवून तेलांत तळावे आणि वर मध ओतून वाढावे, अशी कृति त्यांत दिली आहे. तींत अंड्याचें नांवहि नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्यावांचून हा पदार्थ होणारच नाहीं असें आज समजतात, तें अंडें त्यांत मागाहून आलेलें आहे.

या पदार्थाचीं निरनिराळ्या देशांतील नांवेंहि बोलकीं आहेत. फ्रेंच लोक त्यास ‘गमावलेला पाव’ म्हणतात, तर जर्मन लोक ‘निर्धन शिलेदार’ म्हणतात. वाळून वायां जाणारें अन्न पुन्हां पानांत आणावयाचें, हा काटकसरीचा हेतु दोन्ही नांवांत दिसतो.

अंड्याला पर्याय शोधण्याची गरज एका इंग्रज घरांतहि भासली. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीस अंडीं सोसत नसत. परंतु कस्टर्ड तर आवडे. तेव्हां १८३७ सालीं बर्ड यांनीं मक्याच्या सत्त्वापासून अंड्यावांचून कस्टर्ड करण्याची पूड तयार केली. पत्नीच्या पथ्यासाठीं केलेली ही युक्ति पुढें जगभर पसरली.

एका घराची ही अडचण दुसऱ्या महायुद्धांत साऱ्या ब्रिटनची झाली. जानेवारी १९४० मध्यें तेथें लोणी, साखर इत्यादि जिनसांचें नियंत्रित वाटप सुरू झालें. अन्न वायां घालविणें त्याच वर्षीं गुन्हा ठरलें, आणि जूनपासून रेडिओवर ‘किचन फ्रंट’ ही सकाळची भाषणमाला गृहिणींस पर्यायी पाककृति सांगूं लागली. ताजें अंडें माणशीं आठवड्यास एक, आणि तेंहि मिळेलच असें नाहीं! १९४२ मध्यें अमेरिकेहून वाळविलेल्या अंड्यांची पूड आली. एक सपाट मोठा चमचा पूड आणि दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडें, असा हिशेब असे. दुधाच्या जागीं दुधाची पूड आली. ‘गमावलेला पाव’ अशा रीतीनें उसन्या साहित्यावरहि टिकून राहिला.

मात्र पर्यायालाहि एक मर्यादा असते. १९४३ सालीं मुंबईत शिधावाटप सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला व लक्षावधि माणसें उपासमारीनें आणि रोगानें मेलीं. एका जिनसेच्या जागीं दुसरी वापरावयाची, तर दुसरी कांहीं तरी घरांत असावी लागते. जेथें मूठभर तांदूळहि नव्हता, तेथें गृहिणीचें चातुर्य काय करणार?

ज्या घरांत अंडें निषिद्ध आहे किंवा सोसत नाहीं, तेथें बर्ड यांची युक्ति आजहि उपयोगी पडते. एक वाटी थंड दुधांत दोन मोठे चमचे कस्टर्डची पूड व एक चमचा साखर कालवावी. दूध गरम असल्यास गुठळ्या होतात. पूड तळाशीं बसते, म्हणून प्रत्येक वेळीं मिश्रण ढवळावें. आदल्या दिवसाच्या पावाचे चार काप त्यांत क्षणभरच बुडवावे व मंद आंचेवर तुपांत दोन्ही बाजूंनीं तांबूस करावे. उष्णतेनें अंडें घट्ट होतें, तसेंच मक्याचें सत्त्वहि फुगून घट्ट होतें व पावास धरून राहतें. तिखट पदार्थ हवा असल्यास हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, मीठ, मिरची व कोथिंबीर पाण्यांत कालवून तेंच काम होतें.

अंड्यावांचून केलेल्या अशा टोस्टास कोणी नक्कल म्हणेल. त्यानें रोमच्या त्या जुन्या कृतीचें स्मरण करावें. तेथें अंडें नव्हतें. पाव होता, दूध होतें, आणि वर मध होता.