हेमाडपंती : एका शब्दाची कुळकथा

पाटणास कोयना आणि केरा या नद्यांचा संगम आहे, आणि त्या खोऱ्यांतील एखाद्या वाडीत काळ्या घडीव दगडाच्या जुन्या शिवालयाची चौकशी केली, तर गुरवापासून पाटलापर्यंत सर्वांकडून एकच उत्तर येते : "देऊळ हेमाडपंती आहे." ज्याच्या नावावर महाराष्ट्राने ही सारी मिळकत चढवून ठेवली, तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव यादवाच्या (१२६१ ते १२७१) व पुढे रामचंद्राच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा मुख्य अधिकारी होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्रावरील अवाढव्य ग्रंथ त्याचा, हे निर्विवाद. परंतु मोडी लिपी, बाजरीचे पीक आणि ही देवळे यांचेही श्रेय लोकांनी त्याच्याच खाती जमा केले.

देवळांपुरती तरी ही नोंद टिकत नाही. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारांच्या अमदानीतले, हेमाद्रीच्या दोन शतके आधीचे आहे; आणि खिद्रापूरच्या कोपेश्वरावरील सिंघण यादवाचा शिलालेखही हेमाद्रीच्या कारभारापूर्वी अर्धे शतक कोरला गेला. ज्या अनामिक पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या हातोहात पुढे नेली, त्यांचे नाव कोणत्याही सनदेत नाही. म्हणून एका थोर अमात्याचे नाव त्या कामाला चिकटले, असे मला वाटते.

मात्र शब्दाने दाखविलेले तंत्र खरे आहे. चुन्याचा कणही न वापरता, एका शिळेची खाच दुसरीच्या खुंटीवर बसवून, केवळ भाराच्या बळावर भिंत उभी करावयाची, ही त्याची रीत. सभामंडपात उताणे पडून छताकडे पाहिले म्हणजे कारागिराची बुद्धी कळते : चार तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरकस शिळा टाकून तो आवळलेला, त्या लहान चौकोनावर पुन्हा तसाच थर, आणि अखेर मध्ये उरलेली जागा झाकणारी एकच कमळ कोरलेली शिळा. सज्जनगडाच्या पायथ्याची परळी, वाईजवळच्या किकलीचे तीन गाभाऱ्यांचे भैरवनाथाचे देऊळ, ही आपल्या जिल्ह्यातली त्या घराण्याची मातबर माणसे होत. खोऱ्यातले बिनकोरीव, बुटके शिवालय त्यांचेच गरीब भाऊबंद.

अशाच एका देवळाच्या खांबांवर परवा मी निळ्या तैलरंगाचा जाड लेप पाहिला. कीर्तिमुखाचे डोळे त्यात बुजून गेले होते, आणि दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले होते. हात श्रद्धेचे होते, यात संशय नाही, आणि म्हणूनच मन अधिक कष्टी झाले.

तेव्हा गावकऱ्यांनो, जीर्णोद्धाराची वर्गणी काढाल, तेव्हा रंगाचा डबा आणण्यापूर्वी जुन्या बांधणीच्या जाणकाराला बोलवा; आणि पारापाशी पडलेली घडीव शिळा पायरीला लावू नका, तिच्यावर आकडा घालून ती देवळातच जपून ठेवा.