कोयता, कलमचाकू आणि प्लास्टिकची पट्टी : रत्नागिरीच्या आंब्यामागील हत्यारांचा इतिहास

झाड एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायचे, तर सोबत काय काय हवे? सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात याची यादीच दिली आहे : तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण. यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा आणि मग झाड हलवावे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांचे कांड दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा बुंध्यावर बसवण्याची रीतही तो सांगतो.

लेपाचे सात पदार्थ नावानिशी मोजणारा हा पंडित हत्याराविषयी मात्र जवळजवळ गप्प आहे. झाडाला रोग झाला तर आधी ‘शस्त्रा’ने तो भाग साफ करावा, एवढाच उल्लेख. ते शस्त्र कसले, कोणी घडवलेले, किती धारेचे, याबद्दल अक्षर नाही. (मराठी शेतकरी आणि सुतार आपल्या अवजारांना आजही ‘हत्यारे’ म्हणतात, वराहमिहिराचा ‘शस्त्र’ हा शब्द त्यांना मुळीच खटकला नसता.)

बोन्साय करणाऱ्या आजच्या तरुणाची अडचण नेमकी उलटी आहे. दर काही वर्षांनी झाड कुंडीतून बाहेर काढायचे, मुळांचा गुंता विंचरायचा, जाड मुळे छाटायची आणि नवी माती भरायची. या कामासाठी दुकानात देखणा जपानी संच मिळतो : मुळे सोडवण्याचा पंजा, मुळे छाटण्याची कात्री, फांदी किंचित खोलगट कापणारा कातर. संच पाहून तो शतकानुशतके चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो खोलगट कातर विसाव्या शतकातला आहे आणि मासाकुनी या हत्यारे घडवणाऱ्या घराण्याच्या नावाशी जोडला जातो.

बोन्साय १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातच युरोपीय लोकांनी पाहिले होते. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे काही बोन्साय माळी शहराबाहेर ओमियाकडे गेले आणि १९२५ मध्ये तिथे त्यांचे गाव वसले. त्यांच्या कलेत मुळांमधली माती मोकळी करण्याचे एक साधन मात्र आजही कोणत्याही कारखान्याचे मिंधे नाही. ते म्हणजे जेवायची साधी बांबूची काडी.

घरी घडवलेले हत्यार की बाजारातून आणलेले, हा वाद रत्नागिरीत कुंडीतल्या झाडाभोवती फारसा झाला नाही. तो झाला आंब्याच्या कलमाभोवती. कलमाचे रोपही जमिनीतून उचलले जाते, मडक्यात किंवा पिशवीत वाढते आणि पुन्हा जमिनीत जाते. एका पिढीच्या आत त्याची हत्यारे बदलली आणि हत्यारांबरोबर हापूसचा नकाशाही बदलला.

सुरुवात लोखंडापासून करावी लागते. रत्नागिरी जिल्हा जांभ्या खडकावर उभा आहे. जांभा तांबडा दिसतो तो त्यातल्या लोहामुळे. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, ‘धावड’ नावाचे कारागीर याच प्रकारच्या खडकातून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी संकट आले. जंगलावर निर्बंध आल्यामुळे कोळसा महागला आणि त्याच वेळी विलायतेहून स्वस्त लोखंड बंदरांवर उतरू लागले. धावडांच्या भट्ट्या विझल्या.

म्हणजे ‘हाताने घडवलेले’ हा शब्द जपून वापरायला हवा. गावच्या लोहाराने भाता चालवून, ऐरणीवर घण मारून घडवलेला कोयता हस्तनिर्मित खराच. त्यातले लोखंड मात्र धावडांच्या अस्तानंतर कारखान्याचेच राहिले, आधी विलायतेचे आणि मग देशातले. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडू लागले १९१२ मध्ये. पुढे मालमोटारी आल्या तेव्हा त्यांच्या मोडक्या स्प्रिंगचे पाटे लोहारांचा आवडता कच्चा माल झाले. पूर्वी मऊ लोखंडाच्या पात्याला पोलादाची कड जोडावी लागे. स्प्रिंगचा पाटा मुळातच चिवट, त्यामुळे ते जोडकाम वाचले. रत्नागिरीच्या गड्याच्या कमरेला लाकडी आकडीत लटकणारा कोयता अनेकदा एखाद्या भंगारातल्या मालमोटारीचा पुनर्जन्म असतो.

गाव आणि लोहार यांच्यातला व्यवहारही दुकानासारखा नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात घाटावरच्या गावातील बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे : लोहाराने वर्षभर अवजारे दुरुस्त करावीत आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यावा. या व्यवस्थेत जातीची उतरंड आणि अडवणूक होती, हे आत्र्यांनी लपवलेले नाही. हत्याराच्या दृष्टीने तिचा एक परिणाम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. जो हत्यार घडवी तोच ते पाजळी, वाकवी, त्याचा दांडा बदली. हत्यार मोडले तर त्याचा जाब विचारायला माणूस समोर असे.

या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात कोकणाबाहेर झाला. बेळगावात सायकलींचे दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यात घडवलेला लोखंडी नांगर विकायला काढला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे सुरुवातीला शेतकऱ्यांनी तो नाकारला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. नंतर काळ्या मातीत तो नांगर स्थिरावला. कोकणात त्याला तसे राज्य मिळाले नाही. इथली भातखाचरे चिंचोळी, बैल लहान चणीचे. सुताराचा हलका लाकडी नांगरच या मातीला सोयीचा होता. कारखान्याचे हत्यार चांगले की वाईट, याचे उत्तर बऱ्याचदा ज्या जमिनीत ते चालवायचे तिच्यातच असते.

आता आंब्याकडे. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमी आंब्यांना बहर आला. ‘हापूस’ हे नावच अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आल्याचे मानले जाते. सतराव्या शतकात निकोलाओ मनुची या प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची तोंडभरून स्तुती केली आहे. किनाऱ्याने वर सरकत ही कलमे देवगड, रत्नागिरीपर्यंत पसरली. (१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत देवगड आणि वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होते.)

त्या काळची मुख्य पद्धत होती भेट कलम. रायवळ आंब्याचे रोप मडक्यात वाढवायचे. साधारण वर्षाचे झाले की ते मडके उचलून हापूसच्या झाडापाशी न्यायचे. फांदी उंच असेल तर माच बांधून मडके तिच्या उंचीला ठेवायचे. रोपाच्या आणि फांदीच्या सालीचा समोरासमोर काप घ्यायचा, दोन्ही जखमा एकमेकींना भिडवायच्या, दोरीने आवळायच्या आणि माती-शेणाने लिंपायच्या. मग दोन-तीन महिने त्या मडक्याला पाणी घालत राहायचे. जोड पक्का झाला की हापूसची फांदी हळूहळू कापून मूळ झाडापासून तोडायची.

या पद्धतीतले प्रत्येक साधन गावातलेच होते. मडके कुंभाराचे, कोयता लोहाराचे, दोर आणि माच घरचे, लेप गोठ्यातला. वराहमिहिराच्या यादीतले शेण इथे चौदा शतकांनंतरही कामावर हजर होते.

जाड पात्याचा कोयता इथे चालून जाई, कारण भेट कलम चुका पोटात घालते. फांदी मूळ झाडाशी जोडलेली, रोप आपल्या मुळांवर उभे. दोघांनाही अन्न-पाणी मिळत असते. काप थोडा ओबडधोबड झाला तरी जखम भरून यायला वेळ असतो. किंमत मोजावी लागे ती संख्येत. एका झाडाभोवती मडकी बांधून बांधून किती बांधणार? कलम महाग राही आणि ज्याच्या अंगणात हापूसचे झाड, त्याच्याच हाती राही. गरीब कुळाच्या परड्यात रायवळ आणि खोताच्या बागेत हापूस, या चित्रामागे जमिनीची मालकी होती तशी कलमाची ही दुर्मीळताही होती.

१८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र त्याआधी, १९५७ पासून काम करीत होते. विद्यापीठाने कोकणातल्या पावसाळी, दमट हवेसाठी कोय कलमाची पद्धत बसवली आणि तिचा प्रसार केला. तिच्यात झाडापाशी मडके नेण्याचा खटाटोपच उरला नाही.

पावसाळ्यात वाफ्यात कोयी रुजत घालतात. कोंब वर येतो, पाने अजून तांबूस आणि कोवळी असतात. दहा-पंधरा दिवसांचे हे रोप कोयीसकट अलगद उचलतात. कोयीच्या वर सहा-आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटून दांड्याला मधोमध उभी चीर देतात. हापूसच्या तीन-चार महिने वयाच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात. वरून प्लास्टिकची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळतात आणि रोप मातीने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत लावून सावलीत ठेवतात.

या कामात कोयता निरुपयोगी आहे. त्याचे पाते जाड आणि दोन्ही बाजूंनी उतरते असते. ते कापता कापता पाचरीसारखे दाबते. पेन्सिलीएवढ्या कोवळ्या दांड्यावर असा दाब पडला की सालीखालचा जिवंत, वाढता थर चिरडतो, आणि दोन झाडे जोडली जातात ती याच थरामुळे. कलमाचा चाकू एकाच बाजूने उतरता असतो. त्यामुळे काप सपाट येतो आणि पाचर चिरेत फट न ठेवता बसते.

हीच तक्रार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्येही ऐकू आली होती. सिकेटर, म्हणजे छाटणीची स्प्रिंगवाली कात्री, ही फ्रेंच निर्मिती. ती फांदी कापते की चिरडते, यावर तिथल्या जुन्या चाकूवाल्या माळ्यांनी बराच वाद घातला. तिथे चाकू जुना आणि कात्री नवी होती. कोकणात चाकूच नवा ठरला.

चाकूपेक्षाही मोठी क्रांती केली ती प्लास्टिकच्या पट्टीने. इतिहासात हत्यारांच्या यादीत तिला कोणी जागा देत नाही, ती द्यायला हवी. कोय कलमातली काडी झाडापासून पूर्ण तुटलेली असते. जोड जुळेपर्यंत ती सुकली तर सारे संपले. माती-शेणाचा लेप सुकून तडकतो, दोरीच्या वेढ्यांमधून हवा जाते. पट्टी ताणली जाते, ओलावा धरते आणि दांडा जाड होऊ लागला की सोडवताही येते. लोहार किंवा कुंभार यांच्यापैकी कोणीही अशी वस्तू बनवू शकत नव्हते.

नंतर मागणी आली ती सरकारी निर्णयातून. १९९० मध्ये महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. अनुदानावर बाग उभी राहू लागली आणि कलमांची मागणी भेट कलमांच्या आवाक्यापलीकडे गेली. कोय कलम नसते तर ही योजना कोकणात कागदावरच राहिली असती. रोपवाटिका उभ्या राहिल्या. बायका-पुरुष हंगामात ओळीने बसून दिवसभर कलमे बांधू लागले. जे कसब काही बागायतदारांकडे आणि त्यांच्या गड्यांकडे होते, ते बाजारातल्या स्वस्त चाकूमुळे आणि पट्टीमुळे मजुरीवर राबणाऱ्या हातांतही आले.

कुंभाराचे मात्र मोठे गिऱ्हाईक गेले. प्लास्टिकची पिशवी हलकी, न फुटणारी आणि कितीतरी स्वस्त. तिचा एक दोष रोपवाटिकेत दिसत नाही, बागेत दिसतो : सच्छिद्र मडक्याच्या भिंतीतून पाणी आणि हवा झिरपते, पिशवीच्या भिंतीतून नाही. कलम पिशवीत जास्त काळ राहिले की मुळे भिंतीला लागून गोल गोल फिरू लागतात. तसेच लावले तर झाड वर्षानुवर्षे स्वतःच्याच मुळांच्या वेटोळ्यात अडकून राहते. बोन्साय करणारा माणूस पंजा आणि बांबूची काडी घेऊन जो गुंता सोडवत बसतो, तो हाच. कुंडीत तो पुनःपुन्हा सोडवता येतो. आंब्याला ती संधी एकदाच मिळते, लावणीच्या दिवशी.

लावणीचा खड्डा हे आणखी वेगळे प्रकरण. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा अशी शिफारस असते. रत्नागिरीच्या कातळावर याचा अर्थ जांभा फोडणे. इथे लोहार हटला नाही. दुकानातली पहार आणि टिकाव स्वस्त खरे, पण जांभ्यावर त्यांचे टोक लवकर बोथट होते आणि दुकानदार ते पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन देत नाही. लोहार देतो. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पहार दुकानातून आली आणि तिचे टोक लोहाराने राखले. त्याला खरे आव्हान मिळाले ते सुरुंगाचे आणि पुढे जेसीबीचे; यंत्राने दिवसभरात जे खड्डे निघतात, तिथे पहार शेवटच्या साफसफाईपुरती उरते.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन फळाला असते, हत्याराला नाही. रत्नागिरीच्या बाजारात कारखान्यात शिक्का मारलेले कोयते आज टांगलेले दिसतात. लोहाराच्या भट्टीतला कोयता त्याहून महाग पडतो, तरी त्याला गिऱ्हाईक आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर कातळावरच्या खड्ड्यापाशी कलमाची पिशवी उतरवली जाते, तेव्हा ती तळापासून उभी फाडायला गडी कमरेच्या आकडीतून तोच काढतो.