कित्त्याबाहेरचं वाक्य

पाथर्डी तालुक्यात माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. तपासणीला येणाऱ्या साहेबांशी माझा वाद एकच. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं आणि सगळं घोटून झालं की वाक्य, असा त्यांचा क्रम. पोराला सांगायचं असतं आज, आणि आपण त्याला दिवाळीपर्यंत 'क' गिरवायला लावतो.

हा क्रम पंतोजींच्या शाळेतून आला. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, हात बसला की बोरू घ्यायचा आणि कित्त्याबरहुकूम उतरवत जायचं. अक्षर मोत्यासारखं झालं की पोरगं दप्तरात कामाला लागायचं. स्वतःचं काही लिहावं, अशी अपेक्षाच नव्हती. माझे आजोबा मोडी लिहायचे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि दोरीवर कपडे घालावेत तशी तिच्याखाली अक्षरं लटकवायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. वाक्य कुठं संपलं हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. पूर्णविराम मराठीत रुळला तो छापील पुस्तकांबरोबर. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५०च्या सुमारास विरामचिन्हांवर पुस्तकच लिहिलं. आज पहिलीतलं पोरगं जे टिंब विसरतं, त्याचं वय एवढंच.

स्वतःचं लिहिण्याच्या गोष्टीत आमच्या जिल्ह्याचं, नगरचं, नाव मुलींमुळे येतं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९मध्ये नगरला आल्या आणि १८६२मध्ये वारल्या तोवर इथं मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतीराव फुले मित्राबरोबर त्या शाळा बघून गेले आणि पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण पुढं काय झालं बघा. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५मध्ये मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, आणि 'ज्ञानोदय' १८४२मध्ये सुरू झाला तो आमच्या नगरला. पोथ्यापुराणांवर हक्क सांगणाऱ्यांनाच तिनं जाब विचारला. कोणत्या पंतोजीच्या कित्त्यात ते वाक्य सापडलं असतं?

माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, तिथं कोपीत म्हणजे पाचटाच्या खोपटात राहायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. बाराखडी पार विसरलेली. मी ती पहिल्यापासून घेत बसायचे नाही. पाटी द्यायची, तिकडं काय झालं ते एकानं तोंडानं सांगायचं, मी फळ्यावर तसंच्या तसं लिहायचं, मग त्यानं पाटीवर. चार दिवसांनी फळा पुसायचा आणि पोरांनी आपलं आपण लिहायचं. 'आईनी मोळी बांधली.' 'बैल बसला.' मी 'आईने' करत बसले नाही. ते पुढच्या वर्गात होतं.

एकीनं लिहिलं होतं, 'कोपी पडली. आम्ही पळालो.' दोन्ही टिंबं जागच्या जागी. साहेबांना पाटी दाखवली तर त्यांनी उलट्या काढलेल्या 'ळ'वर बोट ठेवलं.